नावाआधीची अक्षरं

आमच्या छापखान्यात खिळ्यांच्या केसशेजारी एक उथळ लाकडी खण होता. लग्नसराईत पुन्हा पुन्हा लागणारे शब्द बाबा त्यात आधीच जुळवून, बारीक दोऱ्यानं बांधून ठेवत. 'श्री.', 'सौ.', 'चि.', 'चि. सौ. कां.', 'गं. भा.', 'कै.'. जुळारी एकच, पत्रिका ढीगभर, आणि ही अक्षरं प्रत्येक पत्रिकेत येणारच. मग दर वेळी एकेक खिळा कशाला उचलायचा? शाळेतून आले की मी त्या खणापाशी बसायचे. शिशाची अक्षरं उलटी असतात, पण आठ-नऊ वर्षांची होईतो मला ती सुलट अक्षरांइतकी सहज वाचता येऊ लागली होती. माणसांची नावं वाचण्याआधी मी त्यांच्या नावांआधीची ही अक्षरं वाचायला शिकले.

साताऱ्याकडचं तालुक्याचं गाव. पायानं चालवायचं ट्रेडल मशीन, शाईचा वास भिंतींत मुरलेला. पहिली पत्रिका मशीनवरून उतरली की आई तिच्या कोपऱ्यांना हळदकुंकवाची बोटं लावायची आणि मगच गठ्ठा गिऱ्हाइकाच्या हातात जायचा.

एका वर्षी पेठेतल्या एका घरची पत्रिका आमच्याकडे आली. प्रूफ तपासून झालं, फर्मा मशीनवर चढला आणि त्याच रात्री नवरीचे धाकटे काका गेले. लग्न पुढे गेलं. मजकूर तोच राहणार, तारीख तेवढी बदलायची, म्हणून बाबांनी फर्मा सोडला नाही, तसाच बांधून ठेवला. चार महिन्यांनी त्या घरातले वडीलधारे आले. काकांच्या नावाआधीचं 'श्री.' काढून 'कै.' घालायचं होतं. बाबांनी घातलं. मग कुणी न सांगताच त्यांनी काकूंच्या नावाआधीचं 'सौ.' चिमट्यानं उचललं आणि खणातलं 'गं. भा.' हातात घेतलं.

"ते राहू द्या," समोरचे म्हणाले. "ती ओळच काढा."

ओळ काढली की फर्म्यात फट राहते. ती कोऱ्या शिशाच्या पट्ट्यांनी बुजवावी लागते, नाहीतर सगळी अक्षरं सैल पडतात आणि मशीनवर उधळतात. बाबांनी पट्ट्या भरल्या, फर्मा आवळला. खाली 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणणाऱ्या पोरांच्या रांगेत काकूंच्या तीन वर्षांच्या मुलाचं नाव तसंच राहिलं. त्या पत्रिकेत त्याला वडील होते, कैलासवासी. आई नव्हती. लग्नाचे लाडू मात्र त्या काकूंनीच वळले. हे मला आईनं सांगितलं, कारण तीही वळायला गेली होती.

तेव्हापासून ती दोऱ्यानं बांधलेली अक्षरं माझ्या मनातून गेलेली नाहीत. पुरुषाला आयुष्यभरात तीन पुरतात. लहानपणी 'चि.', मोठेपणी 'श्री.', गेल्यावर 'कै.'. 'श्री.' मिळवायला त्याला लग्न करावं लागत नाही, आणि बायको गेली म्हणून ते कुणी काढून घेत नाही. बाईच्या नावाआधी मात्र 'कु.' येतं, मग पत्रिकेपुरतं 'चि. सौ. कां.', मग 'सौ.', मग 'गं. भा.'. ती शिकली, शेत कसलं, शाळा चालवली, पाच पोरं वाढवली, यातलं काहीच ही अक्षरं सांगत नाहीत. तिचा नवरा यायचा आहे, आला आहे की गेला आहे, एवढंच त्यांना माहीत.

'चि. सौ. कां.' सोडवून पाहा. चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी. शेजारी नवरदेवाचं नुसतं 'चि.'. त्यानं खूप जगावं, इतकंच. तिनं जगता जगता सौभाग्याची आकांक्षाही धरायची. सौभाग्य म्हणजे मुळात चांगलं भाग्य, ते कुणाचंही असू शकतं. पण मराठीत पुरुष भाग्यवान होतो तो जमीन मिळाली, नोकरी लागली, मुलं चांगली निघाली म्हणून. बाई सौभाग्यवती होते ती एकाच गोष्टीमुळे, आणि ती गोष्ट तिच्या हातातली नसते. देवापुढून उठून जोडपं मोठ्यांच्या पाया पडतं. मुलाला 'आयुष्मान भव', सुनेला 'अखंड सौभाग्यवती भव'. दोघं एकदम वाकली, आशीर्वाद दोन मिळाले, आणि दोन्ही त्याच्याच आयुष्याला लागले.

माझी आजी, बाबांची आई, आजोबांच्या आधी गेली. तिला हिरवं लुगडं नेसवलं, हातांत हिरवा चुडा भरला, कपाळभर मळवट भरला. बायका एकमेकींना सांगत होत्या, "भरल्या कपाळानं गेली. सोनं झालं बाईचं." अहेवपणी आलेलं मरण हे तिचं शेवटचं आणि सगळ्यांत मोठं यश ठरलं. तिनं छातीचं दुखणं दोन वर्षं अंगावर काढलं होतं, मोठ्या दवाखान्यात तिला कुणी नेलं नव्हतं, हे त्या दिवशी कुणीच बोललं नाही. बोलायला जागाच उरली नव्हती. सोनं झालं म्हटल्यावर रडायचं तरी कशासाठी? बायकोच्या आधी गेलेल्या पुरुषाचं सोनं झालं, असं मी आजवर ऐकलेलं नाही. आजोबा पुढे 11 वर्षं जगले आणि त्यांच्या नावाआधी 'श्री.'च राहिलं.

बायको गेलेल्या पुरुषासाठी 'विधुर' हा शब्द आहे. पण तो शब्दकोशात आणि विवाहमंडळाच्या अर्जात भेटतो, बोलण्यात भेटत नाही. बोलताना आपण म्हणतो, 'त्यांची बायको गेली.' म्हणजे जे झालं ते बायकोला झालं. 'ती विधवा झाली' म्हणतो तेव्हा मरतो नवरा, पण होते ती. एका रात्रीत तिचंच काहीतरी होऊन बसतं. तो पुन्हा बोहल्यावर चढला तर 'बिजवर', थोडा कमी प्रतीचा पण वरच. तिनं दुसरं घर केलं तर बऱ्याच समाजांत त्याला लग्न म्हणायचीसुद्धा तयारी नसे. 'पाट लावला' म्हणत. आणि ज्या जातींत पाटही नव्हता तिथे 1856 साली पुनर्विवाहाचा कायदा झाल्यावरही आलवण आणि न्हाव्याचा वस्तरा चुकला नाही.

या सगळ्याच्या तळाशी एक शब्द आहे. तो लिहिताना माझा हात आजही अडखळतो. 'रांड'. त्याचा एक अर्थ विधवा आणि दुसरा वेश्या. नवरा गेलेली बाई आणि बाजारात बसलेली बाई, दोघींना एकच शब्द पुरवला गेला, कारण दोघींवर कुणा एका पुरुषाची मालकी उरली नव्हती. बाजारात हमाल हमालाला 'रांडेच्या' अशी हाक मारतो, मित्र मित्राच्या पाठीत धपाटा घालून तेच म्हणतो, कुणाला राग येत नाही. एकट्या बाईनं वाढवलेल्या पोराच्या आईला त्या हाकेत ओढलेलं आहे, हे म्हणणाऱ्याच्या गावीही नसतं. आपल्या बहुतेक शिव्या अशाच आहेत. भांडण दोन पुरुषांचं, आणि वार जातो तो घरात भाकऱ्या थापत बसलेल्या आईवर, शाळेत गेलेल्या बहिणीवर. अहिल्यानगर जिल्ह्यात नेवासे तालुक्यातल्या सौंदाळा गावानं 2024च्या नोव्हेंबरात ग्रामसभेत ठराव केला: आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्याला 500 रुपये दंड. ती बातमी मी दोनदा वाचली. माझ्या लहानपणी बाजारातून घरी येताना जे कानांवर पडायचं ते ऐकून आई माझा हात घट्ट धरायची आणि चालायचा वेग वाढवायची. तिला तेवढाच उपाय माहीत होता. इथे एक गाव थांबून, बसून, त्यावर बोललं होतं.

हा हिशेब मांडायला पहिल्यांदा बसल्या त्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. 1881 साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला आपलं नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी झाली. पण तेवढ्यावरून साऱ्या बायकांच्या वागण्याची जाहीर झडती सुरू झाली. त्या मुलाच्या बापाचं नाव कुणी विचारलं नाही. ताराबाईंनी 1882 साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं. बायकांना चिकटवलेला एकेक दोष त्या हातात घेतात आणि तोच पुरुषाला लावून बघतात. साहस म्हणता, कपट म्हणता, चंचलपणा म्हणता. मग हे तुमच्यात किती आहे तेही मोजा. पतिव्रतेची व्याख्या जर बाईसाठी, तर पुरुषाच्या व्रताचं काय, हा त्यांचा प्रश्न. पुस्तक पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापलं गेलं, प्रती 500. मी छापखान्यात वाढले, म्हणून मला राहून राहून त्या जुळाऱ्याची आठवण येते, ज्याला मी कधी पाहिलेलं नाही. ताराबाईंचं एकेक धारदार वाक्य त्यानं खिळा खिळा उचलून लावलं असेल. त्याच्या घरीही कुणी आत्या असेल, कुणी काकू असेल. हात थांबला असेल का त्याचा?

पुस्तकावर टीकेचा भडिमार झाला. जोतीराव फुले यांनी 1885 साली आपल्या 'सत्सार'च्या अंकातून ताराबाईंची बाजू घेतली. पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही, आणि हेही विस्मरणात गेलं ते 1975 साली स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रसिद्ध करेपर्यंत. 93 वर्षं. एवढ्या काळात आमच्यासारख्या खेड्यापाड्यांतल्या छापखान्यांनी किती 'सौ.' आणि किती 'गं. भा.' छापले, त्याची गणती कोण करणार?

2022च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं ठराव केला, की नवरा गेला म्हणून बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही. राज्य शासनानं त्याच महिन्यात बाकीच्या गावांनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. मला वाटलं, आता खणातली 'गं. भा.' ही अक्षरं कायमची जातील. आणि पुढच्याच वर्षी, 2023च्या एप्रिलमध्ये, महिला व बालविकास मंत्र्यांचं पत्र गाजलं: 'विधवा' या शब्दाऐवजी 'गंगा भागीरथी' वापरावं, तसा प्रस्ताव तयार करावा. राज्यभरातून विरोध झाला आणि हा नुसता चर्चेतला विषय आहे, निर्णय झालेला नाही, असा खुलासा आला.

त्या पत्रामागचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. गंगा आणि भागीरथी, किती सुंदर शब्द आहेत. आमच्या खणातही ते होते, आणि बाबा ते आदरानंच उचलत. पण पेठेतल्या त्या काकूंना शब्द कोणता लागला यानं काय फरक पडला असता? नाव बदललं तरी प्रश्न तोच उरतो, की बाईचं नाव उच्चारण्याआधी तिच्या नवऱ्याच्या जिवंतपणाची नोंद का घ्यायची? ज्या गावानं कुंकू पुसू नका म्हटलं, त्यानं खूण पुसायला नकार दिला. आणि सरकारी कागद नवी खूण शोधत बसला.

अक्षरं नावाआधी येतात, पण कधी कधी नावच पुरेसं असतं. आमच्या भागात दगडू, धोंडू, केरबा, उकिर्डा अशी नावं घरोघर होती. आमच्या मशीनवरचे मामा त्यांतल्याच एका नावाचे. त्यांच्या आधीची दोन भावंडं जगली नव्हती. म्हणून हे पोर दगड आहे, केर आहे, याच्याकडे बघू नकोस, असं मृत्यूला सांगण्यासाठी ते नाव. त्या घाणेरड्या नावात केवढी माया आहे! आणि माझ्या वर्गात एक मुलगी होती, चार बहिणींच्या पाठीवरची. तिचं नाव नकुशी. गुरुजी हजेरी घेत. "नकुशी." "हजर." रोज सकाळी आम्ही ते ऐकायचो आणि कुणाला काही वाटायचं नाही. तिलाही वाटत नसावं असं तेव्हा वाटायचं. पण वहीच्या पुठ्ठ्यावर ती फक्त आडनाव लिहायची, ते मला मोठेपणी आठवलं. मुलाला वाईट नाव ठेवलं ते त्यानं राहावं म्हणून. मुलीला ठेवलं ते तिच्यासारखी पुन्हा येऊ नये म्हणून. 2011च्या ऑक्टोबरात साताऱ्यात 285 नकुशींना समारंभपूर्वक नवी नावं दिली, तेव्हा मी टीव्हीसमोर उभी राहून पाहत होते. माझी वर्गमैत्रीण त्या वेळी चाळिशीत असणार. तिच्या नावाचं कुणी काय केलं, मला माहीत नाही.

सासर हा शब्दही असाच पाहा. एकच घर, एकच उंबरा. जावई तिथे जातो तेव्हा ती सासुरवाडी असते. पाटाभोवती रांगोळी, अधिकमासात 33 अनारशांचं वाण, 'जावईबापू आले' म्हणून धावपळ. सून तशाच एका घरात राहते आणि तिच्या वाट्याला येतो तो सासुरवास. मुळाशी शब्द तोच. त्याला 'वाडी' लागली तर सुख आणि 'वास' लागला तर दुःख, आणि काय लागणार हे आधीच ठरलेलं. ती नांदायला जाते. तो कुठेच नांदायला जात नाही. गेलाच, तर त्याच्यासाठी भाषेनं एक डिवचणारा शब्द राखून ठेवला आहे, घरजावई. बाईनं जन्मभर सासऱ्याच्या घरी राहावं याला वेगळा शब्द लागत नाही, कारण ते कुणाला वेगळं वाटतच नाही. मग ती नांदली नाही, किंवा त्यानं नांदवली नाही, तर ती 'टाकलेली'. वस्तू टाकावी तशी. संगमनेरच्या ॲड. निशा शिवूरकर यांनी या बायकांसाठी वर्षानुवर्षं काम केलं आणि पुस्तकाचं नावच ठेवलं 'लढा टाकलेल्या स्त्रियांचा'. 'परित्यक्ता' हा सौम्य संस्कृत शब्द हाताशी होता. तरी त्यांनी शीर्षकात लोकांच्या तोंडचाच शब्द घेतला, तो उघड्यावर आणला, हे मला फार मोलाचं वाटतं. 'टाकलेला नवरा' असं म्हणून पाहा. जीभच वळत नाही.

आणि गृहस्थ? 'एक गृहस्थ भेटायला आले आहेत' म्हटलं की आपण सावरून बसतो, खुर्ची पुढे करतो. त्याच 'गृह'पासून झालेली गृहिणी मात्र अर्जातल्या व्यवसायाच्या रकान्यात बसते आणि विचारणाऱ्याला सांगते, 'मी काही करत नाही, घरीच असते.' माझ्या आईनं 30 वर्षं पत्रिका घड्या घातल्या, पाकिटं चिकटवली, कागदाचे गठ्ठे मोजले, उधारीची वही सांभाळली. शिरगणतीवाल्याला तिनं हेच सांगितलं. तिथेच उभी राहून मीही ते ऐकलं आणि मला ते खरं वाटलं.

माझ्या मुलीला सह्याद्रीचं वेड आहे. राजगड, हरिश्चंद्रगड, रतनगड, नाणेघाट. पावसाळ्यात दर रविवारी पाठीवर सॅक. तिच्या गटातल्या मुलांच्या टीशर्टवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, 'भटक्या'. अभिमानानं. एकदा ती चिखलानं भरलेले बूट हातात घेऊन जिना चढत होती, तेव्हा खालच्या काकू मला म्हणाल्या, "आली का तुमची भटकभवानी?" त्या प्रेमानंच म्हणाल्या. त्यांना ती मुलगी आवडते. पण तो शब्द प्रेमानं उच्चारला तरी त्याचा जुना वास जात नाही. तो दारोदार हिंडणाऱ्या, घरात पाय न ठरणाऱ्या पोरीला हिणवायला घडवलेला शब्द आहे, आणि त्यासाठी आपण तुळजापूरच्या देवीचं नाव वापरलं. तसाच 'चालू'. तो चालू आहे म्हणजे हुशार, व्यवहारी, कुठेही अडणार नाही. ती चालू आहे असं कुणी म्हणालं की ऐकणारा आवाज खाली आणतो. मुलगा मोठा झाला की 'हाताशी आला', मुलगी मोठी झाली की 'लग्नाला आली'. लग्न लांबलं तर ती 'घोडनवरी'. घोडनवरा मी कुठे ऐकला नाही.

या भाषेनं मला खूप दिलं आहे, म्हणून हे सगळं लिहिताना मन दुखतं. आणि याच भाषेत मला एक दार उघडंही सापडलं होतं. माझं आजोळ कोल्हापूरकडचं. तिथे आजी म्हणायची, "मी शेताकडं जातो गं." "मी आत्ताच आलो." मावश्या तसंच बोलायच्या, शेजारणीही. मराठीत 'मी' म्हटलं की क्रियापद लगेच सांगून टाकतं, बोलणारा पुरुष की बाई. त्या मुलखातल्या बायकांनी ते सांगणंच सोडून दिलं होतं. सुट्टीनंतर मी शाळेत गेले आणि बाईंना म्हणाले, "मी उद्या येतो." वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "येते म्हणावं. तू काय मुलगा आहेस?" मी ओशाळून 'येते' म्हणाले, आणि तेव्हापासून तेच म्हणत आले. पण डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन बांधावरून झपझप जाणारी आजी मला दिसते. तिचं 'जातो' ऐकून तिच्या बाईपणाबद्दल गावात कुणाला शंका आली नाही. आणि मुलगा चुकून 'आले' म्हणाला, तर त्याला 'बायल्या' म्हणतात, ते आजतागायत. बाई पुरुषासारखं बोलली तर हसू येतं, पुरुष बाईसारखा बोलला तर शिवी होते. खालचा कोण, हे यातच कळतं.

बाबा गेले तेव्हा छापखाना बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. मशीन भंगारात गेलं, खिळे वजनावर विकले गेले. तो उथळ खण मी मागून घेतला. दहाव्याचं कार्ड संगणकावर झालं. खाली आईचं नाव टाकायचं होतं, आणि तिथल्या मुलानं मला न विचारता 'गं. भा.' टाइप केलं. पडद्यावर ती अक्षरं पाहून मी काहीच बोलू शकले नाही. बाबा जाऊन तेव्हा आठ दिवस झाले होते. ते कार्ड तसंच छापलं गेलं, आणि ते मला अजून सलतं.

2023च्या डिसेंबरात माझ्या मुलीचं लग्न झालं. पत्रिकेचा मजकूर लिहायला आम्ही तिघी बसलो. आई, मी आणि ती. मुलगी म्हणाली, "माझ्या नावाआधी काही नको, त्याच्याही नको. आणि आजी, तुझ्या नावाआधी काय घालू?" आई तेव्हा 81 वर्षांची होती. हजारो पत्रिका तिच्या हातांखालून गेलेल्या. हा प्रश्न तिला जन्मात पहिल्यांदा विचारला जात होता. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मला नाव आहे की. तेवढं घाल. आणि वरच घाल, ह्यांच्या नावाशेजारी."

पत्रिका छापून आल्या. आईनं चष्मा लावला, आपल्या नावावरून बोट फिरवलं, आणि उठून देव्हाऱ्यातलं हळदकुंकू घेतलं. बाबा गेल्यापासून तिनं पत्रिकेला बोटं लावली नव्हती. पहिल्या पत्रिकेचे चारही कोपरे तिनं रंगवले.

तुमच्याही घरी कधीतरी पत्रिका लिहायला बसाल, पाकिटांवर नावं घालाल. बाईच्या नावापाशी आलात की लेखणी थांबवा आणि तिला विचारा, तुझ्या नावाआधी काय लिहू? उत्तर द्यायला तिला वेळ लागला, तर तेवढं थांबा.